चौदा सर्व्हर, एकच फेरी: रोज "ठीक" सांगणाऱ्या एका स्क्रिप्टचं प्रकरण

एका रात्री डेटाबेसच्या सर्व्हरची डिस्क पूर्ण भरली आणि डेटाबेस बंद पडला. सकाळी आम्ही मेल उघडले तर रात्री दोन वाजता आलेला निरोप समोर होता: "सर्व सर्व्हर ठीक." ती डिस्क काही तासाभरात भरलेली नव्हती. कित्येक दिवस हळूहळू भरत आली होती, आणि त्या प्रत्येक रात्री हाच निरोप आला होता.

जुन्या फायली हलवून जागा केली, डेटाबेस पुन्हा उभा राहिला, त्याची गोष्ट इथे सांगत नाही. सांगायचं आहे ते त्या निरोपाबद्दल. तो पाठवणारी स्क्रिप्ट बॅश या शेलसाठी (शेल म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लिहिलेली, जेमतेम चाळीस ओळींची होती. तिच्यात एक लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारा भाग) आणि दोन इफ (अट बघून वाट ठरवणारे). शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की त्या तिन्ही ठिकाणी एकेक चूक आहे, आणि एक चूक दुरुस्त केली तरी दुसरी तेच उत्तर देणार आहे. यातली कुठलीच चूक दुर्मिळ नाही. शेलमधल्या अटी आणि लूप रोज लिहिणाऱ्या माणसाच्या हातून त्या सहज होतात, म्हणून प्रकरण सगळं उलगडून लिहितो आहे.

स्क्रिप्ट

काम साधं होतं. "यादी" नावाच्या फायलीत एका ओळीवर एक अशी चौदा सर्व्हरची नावं. एकेक नाव वाचायचं, एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर आज्ञा चालवायचं साधन) त्या सर्व्हरवर जाऊन डीएफ ही डिस्कचा वापर दाखवणारी आज्ञा चालवायची, मुख्य डिस्क किती टक्के भरली ते काढायचं, आकडा ९० च्या वर असेल तर मोजणी एकाने वाढवायची. शेवटी मोजणी शून्य असेल तर "सर्व ठीक", नाहीतर "लक्ष द्या". क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, ही स्क्रिप्ट रोज रात्री दोनला चालवायचा.

गाभा खाली देतो. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. चिन्हं आणि रचना जशीच्या तशी आहे. "टक्का" हे डीएफच्या उत्तरातून फक्त आकडा वेगळा काढणारं आमचं छोटं फंक्शन, आणि "निरोप" म्हणजे मेल पाठवणारं. -जीटी म्हणजे "पेक्षा मोठा", -ईक्यू म्हणजे "सारखा".

वाईट=०
कॅट यादी | व्हाइल रीड सर्व्हर
डू
    वापर=$(एसएसएच $सर्व्हर डीएफ -पी / | टक्का)
    इफ [ $वापर -जीटी ९० ]; देन
        एको "$सर्व्हर भरत आला"
        वाईट=$((वाईट + १))
    एल्स
        एको "$सर्व्हर ठीक"
    फाय
डन
इफ [ $वाईट -ईक्यू ० ]; देन
    निरोप "सर्व सर्व्हर ठीक"
एल्स
    निरोप "लक्ष द्या"
फाय

शेवटचा इफ मी लिहिलेला आहे. लूप दुसऱ्या कुणी, त्याच्या आधी. सुरुवातीला तीनच सर्व्हर होते आणि त्यांची नावं फॉर लूपमध्ये थेट लिहिलेली होती. तेव्हा स्क्रिप्ट बरोबर चालायची. सर्व्हर वाढले तशी नावं फायलीत गेली आणि फॉरच्या जागी व्हाइल रीड आला. हा बदल ज्या दिवशी केला त्या दिवशी तो तपासलाही होता. पण तपासताना यादीत एकाच चाचणी-सर्व्हरचं नाव होतं. लूप एकदा फिरला, उत्तर बरोबर आलं, काम झालं असं वाटलं.

लॉगमधली एकच ओळ

आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली एक मुलगी लॉग चाळत होती. तिने विचारलं, "सर, चौदा सर्व्हर आहेत ना? मग रोजची एकच ओळ का आहे?"

लॉग खरोखरच तसा होता. महिनोन्‌महिने, प्रत्येक रात्रीची एक ओळ: यादीतल्या पहिल्या सर्व्हरचं नाव आणि पुढे "ठीक". लॉग लिहिला जात होता, पण मेलमध्ये "सर्व ठीक" आल्यावर तो उघडायचं कारणच कुणाला पडलं नव्हतं.

पहिला संशय यादीवर गेला. विंडोजवर जतन केलेल्या फायलीत ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं अक्षर असतं, त्याने बऱ्याच स्क्रिप्ट बिघडतात. फायलीतला मजकूर दाखवणाऱ्या कॅटला -ए देऊन पाहिलं तर प्रत्येक ओळीच्या शेवटी फक्त डॉलरचं चिन्ह, म्हणजे फाइल स्वच्छ. तसं पाहिलं तर हा संशयच चुकीचा होता: ते अक्षर असतं तर सगळ्या सर्व्हरची नावं चुकीची ठरली असती, पण फेऱ्या चौदाच झाल्या असत्या. आपल्याला फेऱ्या कमी का झाल्या ते शोधायचं आहे हे नीट शब्दांत मांडलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

मग तिनेच एक चांगला प्रयोग केला. एसएसएचची ओळ काढून तिथे नुसता एको (मजकूर छापणारी आज्ञा) ठेवला. फेऱ्या चौदा. एसएसएच परत आणला. फेरी एक. म्हणजे लूपची रचना ठीक आहे, पोटातली आज्ञा लूप संपवते आहे. पण कशी? एसएसएच बंद पडत नव्हता, त्रुटी देत नव्हता, पहिल्या सर्व्हरचा आकडा अगदी बरोबर आणत होता.

तेव्हा एसएसएचच्या जागी आम्ही पुढे काहीही न लिहिता नुसता कॅट ठेवला, आणि त्याचं उत्तर पकडून न ठेवता सरळ पडद्यावर येऊ दिलं. स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर उरलेल्या तेरा सर्व्हरची नावं एकाखाली एक उमटली.

या प्रकरणातला हा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण चुकीचं मूळ स्वतःहून समोर येऊन उभं राहिलं. डू आणि डनच्या मध्ये जी जी आज्ञा चालते तिला लूपचाच स्टँडर्ड इनपुट, म्हणजे मजकूर आत येण्याची नेहमीची वाट, मिळतो. इथे ती वाट म्हणजे कॅटकडून यादी आणणारी नळी (पाइप). रीडने त्या नळीतून पहिली ओळ घेतली. उरलेल्या तेरा ओळी नळीतच होत्या. मग कॅट आला आणि त्याने स्वभावाप्रमाणे इनपुट शेवटपर्यंत वाचला. एसएसएचही हेच करतो: तुम्ही टाइप कराल ते पलीकडच्या आज्ञेला मिळावं म्हणून तो आपला इनपुट वाचून पलीकडे पाठवत राहतो. पलीकडचा डीएफ काहीच वाचत नाही, त्यामुळे ती तेरा नावं तिथे जाऊन वाया गेली. इकडे रीड दुसऱ्यांदा वाचायला गेला तर नळी रिकामी. रीडने शून्याहून वेगळा निकाल दिला, व्हाइलने तो "संपलं" असा घेतला, लूप शांतपणे बाहेर पडला.

नावं बरोबर तेराच का उरली, यालाही कारण आहे. नळीतून वाचलेलं परत ठेवता येत नाही, म्हणून बॅशचा रीड नळीतून एकेक बाइट वाचतो आणि ओळ संपताच थांबतो, पुढच्याला हात लावत नाही. एसएसएचला तसं थांबायचं काही कारण नाही.

जुन्या फॉर लूपला हे का झालं नाही तेही यातून कळतं. फॉरची यादी पहिली फेरी सुरू होण्याआधीच पूर्ण उलगडून शेलच्या हाती आलेली असते. ती इनपुटमध्ये नसते, त्यामुळे कुणी ती गिळू शकत नाही. फॉर आणि व्हाइल रीड हे एकाच कामाचे दोन पर्याय म्हणून शिकवले जातात, पण या बाबतीत ते फार वेगळे आहेत. एसएसएचप्रमाणेच व्हिडिओसाठीचा एफएफएमपेगही लूपमधल्या ओळी अशाच खातो.

उपाय छोटा आहे. एसएसएचला -एन दिलं की तो इनपुट वाचत नाही. ते दिलं आणि फेऱ्या चौदा झाल्या.

मोजणी कुठे गेली

आता लॉगमध्ये चौदा ओळी होत्या. बारा "ठीक", दोन "भरत आला". आणि मेल? "सर्व सर्व्हर ठीक."

लूपच्या आत मोजणी छापून पाहिली: पहिल्या भरलेल्या सर्व्हरला १, दुसऱ्याला २. डनच्या पुढच्याच ओळीवर छापली: ०.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे अशक्य वाटतं. पण उभी रेघ, म्हणजे पाइप, जिथे आहे तिथे बॅश पाइपच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळी उपप्रक्रिया काढतो. कॅट एका प्रक्रियेत, पूर्ण व्हाइल लूप दुसऱ्या प्रक्रियेत. त्या दुसऱ्या प्रक्रियेतल्या शेलला, म्हणजे उपशेलला, सगळ्या चलांची ("वाईट"सारख्या नावाखाली ठेवलेल्या किमतींची) स्वतःची प्रत मिळते. त्याने आपल्या प्रतीत ० चे २ केले, आणि डनला तो उपशेल संपला तेव्हा ती प्रतही संपली. बाहेरच्या शेलमधली "वाईट" पहिल्यापासून शून्यच होती, तिला कुणी हात लावलाच नव्हता. खात्री करायची तर बॅशपिड हे चल लूपच्या आत आणि बाहेर छापावं. दोन वेगळे आकडे येतात. दोन डॉलर चिन्हांनी मिळणारा क्रमांक मात्र इथे फसवतो, कारण उपशेलमध्येही तो मूळ शेलचाच दाखवतो.

सगळे शेल असं करत नाहीत. कॉर्न शेल आणि झेड शेल पाइपमधला शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवतात, म्हणून हीच स्क्रिप्ट तिथे बरोबर मोजेल. बॅशमध्ये ४.२ या आवृत्तीपासून लास्टपाइप नावाची सोय आहे, पण ती जॉब कंट्रोल (टर्मिनलवरची कामं मागे-पुढे करण्याची सोय) बंद असतानाच लागू होते. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये चालते आणि टर्मिनलवर तेच करून पाहिलं तर चालत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही. एखाद्या स्विचवर अवलंबून असलेली मोजणी पुढच्या माणसाला वाचताना दिसत नाही.

सरळ उपाय म्हणजे पाइपच काढायचा. नावं फायलीतच आहेत, कॅटची गरज नाही. डनच्या पुढे < चिन्ह आणि फायलीचं नाव लिहिलं की लूप चालू शेलमध्ये फिरतो आणि मोजणी टिकते. यादी फायलीतून न येता एखाद्या आज्ञेतून येत असेल तर बॅशमध्ये < <( ) अशी रचना आहे, पण डॅशसारख्या साध्या शेलना ती कळत नाही.

आम्ही एक पाऊल पुढे गेलो. यादी स्टँडर्ड इनपुटवर न देता तीन क्रमांकाच्या वाटेने दिली: डनच्या पुढे ३< यादी, आणि रीडला -यू ३. आता लूपच्या पोटात उद्या कुणी दुसरी आज्ञा घातली आणि ती इनपुट वाचणारी निघाली तरी यादी तिच्या वाटेत येत नाही. -एन लक्षात ठेवावं लागतं. ही रचना एकदा केली की काम संपतं. सर्व्हरवर आज्ञा चालवणाऱ्या प्रत्येक लूपला मी आता हेच करतो.

"नाही" आणि "माहीत नाही"

दोन चुका गेल्या, मेल "लक्ष द्या" म्हणू लागला. इथे थांबलो असतो तर तिसरी चूक तशीच राहिली असती. घडलेल्या प्रसंगात तिचा वाटा नव्हता, पण तिघींत सगळ्यात घातक तीच, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही मुद्दाम एक चाचणी-सर्व्हर बंद करून स्क्रिप्ट चालवली. लॉगमध्ये त्याच्या नावापुढे आलं: "ठीक."

बंद असलेला सर्व्हर ठीक कसा? एसएसएच पोचला नाही, म्हणून डीएफचं उत्तर नाही, म्हणून "वापर" रिकामं. मग अट उरते [ -जीटी ९० ]. डावीकडे काहीच नाही. शेल कुरकुरतो, युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड असं काहीसं सांगतो, आणि पुढे जातो. पुढे म्हणजे एल्समध्ये. ती कुरकुर आम्हाला दिसली नाही, कारण क्रॉनच्या ओळीत त्रुटींचा मजकूर २> लावून फेकून दिलेला होता.

हे नीट कळायला इफ म्हणजे काय ते पाहावं लागतं. शेलच्या इफला खरं-खोटं कळतच नाही. तो एक आज्ञा चालवतो आणि तिचा निकाल-क्रमांक बघतो: शून्य असेल तर देन, दुसरं काहीही असेल तर एल्स. चौकटी कंसही व्याकरणाचं चिन्ह नाही, ती टेस्ट नावाच्या आज्ञेचंच दुसरं रूप आहे. म्हणून तर त्या कंसाच्या आतबाहेर मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर शेल भलत्याच नावाची आज्ञा शोधत बसतो. ही घडण जुनी आहे. १९७१ च्या थॉम्प्सन शेलमध्ये तर इफसुद्धा शेलच्या बाहेरची वेगळी आज्ञा होती. स्टीफन बोर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला आणि इफ भाषेच्या आत आला. इफ उलटा करून फाय, केस उलटा करून एसॅक ही पद्धत अल्गोल ६८ वरून आलेली. डू उलटा करून ओडी मात्र करता आलं नाही, कारण त्या नावाची आज्ञा आधीच होती, म्हणून डन. पण आज्ञेचा निकाल बघून वाट ठरवायची हा मूळ विचार बदलला नाही, आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी आणलेल्या बॅशमध्येही तोच आहे.

आता टेस्टचे निकाल बघा. अट खरी असेल तर ०. खोटी असेल तर १. अटच नीट मांडता आली नाही, तर १ पेक्षा मोठा आकडा, बॅशमध्ये २. टेस्ट हे तीन प्रकार वेगळे सांगते. इफ त्यातले १ आणि २ एकाच पिशवीत टाकतो. "डिस्क भरलेली नाही" आणि "डिस्कचं काय ते मला कळलंच नाही" ही दोन्ही वाक्यं एल्समध्ये जातात, आणि आमच्या एल्समध्ये लिहिलेलं होतं "ठीक".

चल अवतरणात घाला, सगळं सुटेल, असा सल्ला लगेच मिळाला. अवतरण घालायलाच हवं, पण इथे ते पुरत नाही. "$वापर" लिहिलं तर टेस्टला रिकामा मजकूर मिळतो, तो पूर्णांक नाही अशी वेगळी तक्रार येते, निकाल पुन्हा २, वाट पुन्हा एल्सची. दुहेरी चौकटी कंस वापरा, तो आधुनिक आहे, हा दुसरा सल्ला. तिथे तर आणखी शांतता: दुहेरी कंसात -जीटीच्या दोन्ही बाजू अंकगणित म्हणून सोडवल्या जातात आणि रिकाम्याची किंमत ० धरली जाते. ० काही ९० पेक्षा मोठा नाही, त्यामुळे एल्स, आणि तक्रारीचा एक शब्दही नाही.

याच फोल्डरमध्ये "९०" नावाची एक रिकामी फाइल पडलेली सापडली. ती कुठून आली हे ओळखायला वेळ लागला नाही. फार पूर्वी कुणीतरी -जीटीऐवजी > लिहिलं होतं. एकेरी कंसात > म्हणजे तुलना नव्हे, आउटपुट फायलीत पाठवणं. शेलने ९० नावाची फाइल बनवली आणि अट उरली ती फक्त "वापर रिकामं नाही ना" एवढी. तेव्हा रोज खोटा इशारा येत असणार, म्हणून ती चूक लवकर सापडली आणि दुरुस्त झाली. फाइल मात्र राहिली. दुहेरी कंसात > लिहिलं असतं तर फाइल बनली नसती, पण तुलना अक्षरांप्रमाणे झाली असती, शब्दकोशात होते तशी. त्या क्रमात १०० हे ९० च्या आधी येतं. ९५ टक्के भरलेल्या डिस्कचा इशारा आला असता आणि १०० टक्के भरलेली डिस्क "ठीक" ठरली असती.

आणखी एक सूचना आली ती सेट -ई लावण्याची, म्हणजे कुठेही बिघाड झाला की स्क्रिप्ट थांबेल. पण इफच्या अटीत आलेल्या आज्ञेला सेट -ई लागू होत नाही. आमची चूक तर नेमकी अटीतच होती. शिवाय मोजणी ((वाईट++)) अशी लिहिण्याची अनेकांना सवय असते. मोजणी शून्य असताना त्या ओळीची किंमत शून्य येते, दुहेरी गोल कंस शून्याला अपयश मानतो, आणि सेट -ई असेल तर पहिला भरलेला सर्व्हर सापडताक्षणी स्क्रिप्ट मरते.

शेलचेक नावाचं तपासणीचं साधन आहे, ते मी सगळ्यांना वापरायला सांगतो. लूपमधला एसएसएच इनपुट गिळेल आणि उपशेलमध्ये बदललेलं चल बाहेर टिकणार नाही, या दोन्ही गोष्टींचे इशारे त्यात आहेत. पण तिसऱ्या चुकीत लिहिण्याची चूक नाहीच. वाक्यरचना बरोबर आहे. प्रश्न इतकाच की एल्सचा अर्थ आम्ही काय धरला. ते साधनाला कळणार नाही.

नवी मांडणी

आम्ही दोन वाटांऐवजी तीन वाटा केल्या, आणि शेवटचा प्रश्न उलटा केला. "वाईट शून्य आहेत का" असं विचारणं सोडलं. शून्य वाईट सापडणं हे न बघताही जमतं. यादीची फाइलच नसेल तरी जुनी स्क्रिप्ट शून्य फेऱ्या मारून "सर्व ठीक" म्हणाली असती. आता विचारतो: जितके सर्व्हर आहेत तितके ठीक असल्याचं प्रत्यक्ष मोजलं का? (पहिल्या ओळीतला ग्रेप म्हणजे मजकूर शोधणारी आज्ञा; -सी दिलं की ती ओळी मोजते.)

एकूण=$(ग्रेप -सी . यादी)
ठीक=०; भरले=०; अज्ञात=०
व्हाइल रीड -आर -यू ३ सर्व्हर
डू
    वापर=""
    इफ उत्तर=$(एसएसएच -एन "$सर्व्हर" डीएफ -पी /); देन
        वापर=$(टक्का <<< "$उत्तर")
    फाय
    केस "$वापर" इन
        ""|*[!०-९]*)
            अज्ञात=$((अज्ञात + १)) ;;
        *)
            इफ [ "$वापर" -जीटी ९० ]; देन
                भरले=$((भरले + १))
            एल्स
                ठीक=$((ठीक + १))
            फाय ;;
    एसॅक
डन ३< यादी

काही गोष्टींकडे लक्ष वेधतो. एसएसएचचं उत्तर आधी वेगळं पकडलं आहे, टक्का त्यानंतर. पूर्वी दोन्ही एका पाइपमध्ये होते, आणि पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या आज्ञेचा निकाल; एसएसएचला जोडणी मिळाली नाही तर तो २५५ देतो, पण तो आकडा टक्काच्या आड लपत होता. केसची पहिली ओळ म्हणजे "रिकामं, किंवा ज्यात अंक सोडून एकही दुसरं अक्षर आहे ते". या चाळणीतून जे खाली उतरेल ते नक्की संख्या असतं, त्यामुळे आतल्या इफमध्ये २ हा निकाल येण्याची वाटच उरत नाही. तिथला एल्स आता खरोखर "नाही" आहे. प्रत्यक्ष स्क्रिप्टमध्ये एसएसएचला दहा सेकंदांची मर्यादा आणि पासवर्ड न विचारण्याचा बॅचमोडही दिला आहे. नाहीतर एक अडलेला सर्व्हर बाकीच्यांना रोखून धरतो.

शेवटचा इफ "ठीक" आणि "एकूण" सारखे आहेत का ते बघतो. यादीची फाइल नाहीशी केली तर "एकूण" रिकामं राहतं, टेस्टचा निकाल २ येतो आणि वाट एल्सची, पण आता एल्समध्ये "लक्ष द्या" आहे. गोंधळ झाला तर तो इशाऱ्याच्या बाजूला पडतो. एक फट मात्र राहिली होती, ती त्याच नव्या मुलीने दाखवली. तिने यादी पुसून नुसती रिकामी फाइल ठेवली. एकूण ०, ठीक ०, दोन्ही सारखे, आणि निरोप: सर्व ठीक. म्हणून "एकूण शून्यापेक्षा जास्त" ही अट जोडली, आणि निरोपातच आकडे घातले: इतक्यांपैकी इतके तपासले, इतके ठीक, इतके भरले, इतके कळले नाहीत.

मग हीच नजर घेऊन बाकीच्या स्क्रिप्ट वाचल्या. एका ठिकाणी लॉगमध्ये त्रुटी आहे का ते ग्रेपने बघून, नसेल तर "त्रुटी नाही" असं लिहिलं जात होतं. ग्रेपचेही निकाल तीन: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, फाइलच उघडता आली नाही तर २. लॉगचा मार्ग बदलल्यापासून ती स्क्रिप्ट नसलेल्या फायलीत त्रुटी नसल्याचं सांगत होती. तिथे निकाल एका चलात घेऊन केसने तीन वाटा केल्या.

काही आठवड्यांनी एक नवा सर्व्हर आला आणि कुणीतरी त्याचं नाव यादीच्या शेवटी लिहिलं. त्या रात्रीचा निरोप होता: "लक्ष द्या. १५ पैकी १४ तपासले, १४ ठीक, ० भरले, ० कळले नाहीत." एक सर्व्हर कुठल्याच वाटेला गेला नव्हता. यादी तपासली तर शेवटच्या नावानंतर एंटर दिलेला नव्हता. अशी अपुरी ओळ रीड वाचतो, चलात भरतोही, पण ओळ पूर्ण झाली नाही म्हणून निकाल अपयशाचा देतो, आणि व्हाइल ती फेरी न मारताच थांबतो. ग्रेप ती ओळ मोजतो, म्हणून दोन आकडे जुळले नाहीत. रीडच्या पुढे || [ -एन "$सर्व्हर" ] जोडलं, म्हणजे अपयश आलं तरी हातात नाव असेल तर फेरी व्हावी. दुसऱ्या रात्री दोन वाजता आलेल्या निरोपात १५ पैकी १५ होते.